सातवा दिवस बिनसोंगाचा

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मला भीती वाटते आहे. आधी दुःख लिहायला हवं होतं, हे कळतं मला. सातवीच्या पोरांना मी सांत्वनाचं पत्र शिकवतो, त्यात पहिल्याच ओळीत दुःख असतं. पण तुमच्याशी नमुन्यातलं बोलून काय उपयोग? तुम्ही माणसाची नुसती चाल बघून त्याच्या पोटात काय कालवतंय ते सांगायचात. म्हणून खरं तेच लिहितो. दुःख आहे, भरपूर आहे, पण सध्या त्याच्यापुढं भीती उभी आहे आणि ती तुम्हीच लावून गेलात.

काल दुपारी यमुनावहिनी नळदुर्गाहून चालत आल्या. डोक्यावर तुमची सोंगांची पत्र्याची पेटी. कुसुमनं घाईघाईनं पेटी उतरवून घेतली, त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. वहिनींच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. माझी नजर तिकडं गेलेली त्यांनी पाहिली.

"ह्यांनी जाताना दोनच गोष्टी सांगितल्या बगा," त्या म्हणाल्या. "एक, माज्या मागं बांगड्या फोडू नगंस. भावकी बोलायलीय, बोलू दे. आन दुसरी तुमच्यासाठी हाय. फेरी अर्धी राह्यली, ती गुरुजींनी पुरी करावी."

"वहिनी, मी मास्तर आहे," मी म्हणालो.

"ते त्यांनाबी ठावं हुतं की."

तुम्हाला तुमचीच रीत सांगणं म्हणजे वेडेपणा. पण कालपासून मी ती स्वतःला पुन्हापुन्हा सांगून बघतो आहे, कुठं पळवाट सापडते का म्हणून. बहुरूप्याची एका गावातली फेरी सात दिवसांची. सहा दिवस सोंगं, सातवा दिवस बिनसोंगाचा. सोंगात असताना स्वतःच्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही, आणि सोंगातल्या बहुरूप्यावर गावानं हात उचलायचा नाही, मग तो पाटलाची नक्कल करो नाहीतर फौजदाराची. सातव्या दिवशी तोंड धुवून, रोजच्या कपड्यांत, चारचौघांत उभं राहून बिदागी मागायची. त्या दिवशी तोंडाला रंग नाही, म्हणून रंगाचा आडोसाही नाही. कुणाला सहा दिवसांचा राग काढायचा असेल तर तो सातव्या दिवशी काढता येतो. आणि फेरीच्या मध्येच बहुरूपी गेला, तर त्यानं नाव घेतलेल्या माणसानं दहाव्यापर्यंत ती पुरी करायची. नाहीतर त्याच्या घराण्यातल्या कुणालाही त्या गावाची वेस पुन्हा ओलांडता येत नाही. दहावा उद्या आहे. पळवाट मी सगळीकडून शोधली, नाही सापडली.

एक सापडल्यासारखी वाटली होती. वहिनींना म्हटलं, पेटीत अण्णांचं रोजचं धोतर-बंडी आहे, त्यांचा तो पिवळा रुमाल आहे. ते घालून, अण्णांसारखी मान तिरकी करून गेलो तर? म्हणजे अण्णाच येऊन बिदागी मागून गेले असं होईल. वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. मग, तुम्ही गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच, हसल्या.

"आता ह्यांचं सोंग घेताव व्हय? गुरुजी, सातवा दिस बिनसोंगाचा असतोय." आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पहिल्यांदा तुम्ही मला भेटलात तेही भीतीतच. तुळजापूर सोडून या शाळेत येऊन मला पंधरा दिवस झाले होते. वडील देवीच्या देवळात उपाध्ये, घरात सगळं ठरलेलं; मीच हट्टानं मास्तर झालो आणि इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात पस्तावलो. एका सकाळी काळा कोट, डोक्याला टोप, काखेत फायली असा एक गृहस्थ वर्गात शिरला आणि म्हणाला, "हजेरीपट." मी गार पडलो. तपासनीस आले म्हणून तुम्हाला माझी खुर्ची दिली, कुसुमला चहा टाकायला सांगितलं, हजेरीपट पुढं धरून हात बांधून उभा राहिलो. तुम्ही पोरांना सोडून मलाच तेराचा पाढा विचारलात. मी तेरा सत्ते एक्याण्णवपर्यंत आलो आणि तिथं अडकलो. पोरं तोंडावर हात धरून हसत होती, कारण तुम्ही कोण ते त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी तोंड धुवून तुम्ही दारात आलात, पाणी मागितलंत. कुसुमनं तांब्या हातात दिला. ओसरीवर टेकून तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तुमी लई घाबरता. पर सांगू का, घाबरणारा मानूस नीट बगतो. बेडर मानसाला काय दिसत न्हाय." मला ते कौतुक वाटलं. तेव्हापासून फेरीवर असलात की दिवसभराचं सोंग उतरवून आमच्याच ओसरीवर पाणी प्यायला यायचं, हा तुमचा शिरस्ता झाला. आता वाटतं, तुम्ही त्या पहिल्या दिवशीच मला हेरून ठेवलं होतं.

काल पेटी उघडून पाहिली. खाकी कपडे तिच्यात नाहीत. बहुरूपी म्हणजे पोलीस, पोरासोरांना तेवढंच ठाऊक असतं, आणि तुम्ही ते सोंग कधी घ्यायचा नाहीत. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच सांगितलंत. हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही खाकी घालून, दंडुका आपटत अणदूरच्या वाटेवरच्या एका वस्तीत शिरलात, "चला, वारंट हाय" म्हणालात, आणि हुसेनबी नावाची म्हातारी उठून भिंतीला चिकटली. तिच्या घरची दोन माणसं त्या धामधुमीत नेली होती, ती परत आलीच नव्हती. उभ्या उभ्या तिचे कपडे ओले झाले. तुम्ही भर सोंगात नियम मोडलात. तिच्याच रांजणातलं पाणी घेऊन तिच्यासमोर तोंड धुतलंत आणि म्हणालात, "चाची, म्या केरबा हाय. भोरपी केरबा."

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं होतं.

"काय न्हाय. माज्या तोंडावरनं हात फिरवला. रंग ऱ्हायलाय का, ते बगत हुती." मग तुम्ही म्हणालात, "ज्याला बगून मानूस खरंच मेल्यावानी हुतो ते सोंग न्हवं, गुरुजी. ती मारहाण झाली." खाकी कपडे तुम्ही त्याच दिवशी जाळलेत.

आपलं भांडण मात्र बतावणीवरून. तुमच्या सोंगांतली ही हसवणारी बोलणी लिहून द्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. लाच खाणारा कारकून, मापात मारणारा दुकानदार, मत मागायला आलेला पुढारी, सगळ्यांची यमकं मी जुळवली. लोक पोट धरधरून हसायचे आणि मी शाळेच्या खिडकीतून ते ऐकत फुशारायचो. तुम्हीच एकदा पाणी पिता पिता म्हणालात, "गुरुजी, यमक लई झ्याक जुळवता. मानूस हसतो, घरी जातो, जेवतो. त्याच्या घशात काय अडकत न्हाय."

"हसवत हसवतच सांगावं लागतं, अण्णा."

"आन न बोलता सांगितलं तर?"

"बतावणी नसलेलं सोंग म्हणजे नुसता उभा राहिलेला माणूस. कोण थांबेल बघायला?"

"बगू की येकदा," तुम्ही म्हणालात.

चार वर्षं आपण यावर भांडलो. मी तुम्हाला कलेचे दाखले द्यायचो, प्रेक्षकांचं मन कसं असतं ते समजावून सांगायचो. खरं कारण मी कधी बोललो नाही, आज बोलतो. गाव हसलं की बहुरूपीही सुखरूप आणि त्याला लिहून देणारा मास्तरही सुखरूप. हसण्यात राग विरून जातो, आणि मला तो विरायलाच हवा होता. तुम्हाला हे माहीत होतं बहुतेक. तुम्ही रंग लावायच्या आधी त्या आरशाच्या तुकड्यासमोर अर्धा अर्धा तास नुसते बसायचात. मी विचारलं होतं, काय बघता एवढं? "माजं तोंड जाईपतुर बसतो," म्हणालात. मला तसं कधी बसता आलं नाही. माझं तोंड जायला तयारच नसतं.

मग तो आड आला. सरकारनं गावात नवा आड खोदला, पाणी गोड लागलं, आणि त्याच्यावर लावायची पाटी मी रंगवली: 'हा आड सर्वांसाठी खुला आहे.' अक्षर बरं म्हणून गावातल्या सगळ्या पाट्या माझ्याच हातच्या. राज्य हैदराबादचं मुंबईचं झालं, मुंबईचं महाराष्ट्राचं झालं, दर वेळी शाळेची पाटी मीच पुन्हा रंगवली. आडाच्या पाटीवरचा 'सर्वांसाठी' मी जरा मोठाच काढला होता. महारवाड्यातल्या बायका त्या पाटीपासून वीस पावलांवर, लिंबाखाली, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या. गावातल्या एखाद्या बाईचं पाणी भरून झालं आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून त्यांच्या घागरीत ओतायची. नाही आलं तर नाही. शाळेची वाट तिथूनच जाते. पाटी माझी, म्हणून मी तिच्याकडं बघायचं टाळायचो.

या खेपेच्या फेरीचे पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले. एक दिवस वैद्य, एक दिवस जमीन मोजणारा साहेब. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर रिकामी घागर घेऊन लिंबाखाली येऊन उभे राहिलात. त्या बायकांपासून चार हात सोडून. बतावणी नाही, हावभाव नाहीत. लोक जमले, आता काहीतरी होईल म्हणून थांबले. तुम्ही एकदा घागरीकडं बघायचात, एकदा आडाकडं, एवढंच. ऊन चढलं, लोक कंटाळून गेले, दिवस मावळला तसे तुम्हीही निघालात. त्या संध्याकाळी ओसरीवर मी म्हणालो, "बघितलंत? कुणी थांबलं का?" तुम्ही नुसतं पाणी प्यायलात.

चौथ्या दिवशी तेच. केरबाची सोंगं सरली, असं लोक म्हणू लागले. पाचव्या दिवशीही तेच, आणि त्या दिवशी मात्र कुणी काही म्हणालं नाही. गावातल्या बायका तुमच्याकडं पाठ करून पाणी ओढू लागल्या. एकीच्या हातून पोहरा सुटला तर ती तुमच्यावरच उखडली, "काय बगायलास रं सकाळधरनं?" तुम्ही सोंगात. तुम्ही काय बोलणार? मी ते शाळेच्या दारातून बघत होतो. तुम्ही जिंकत होता आणि मला ते नको होतं.

त्या दिवशी मावळतीला सोनाबाई तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लिंबाखाली सगळ्यांच्या आधी येणाऱ्या आणि सगळ्यांच्या मागून जाणाऱ्या त्या सोनाबाई. मी घरी निघालो होतो, मुद्दाम चप्पल बघत रेंगाळलो. त्या म्हणाल्या, "तीन दिस झालं तुमी आमचं सोंग घेऊन हुबा हाव. आमाला आमी रोजच दिसताव की. तुमी सांजच्याला लुगडं फेडून जाता, आमाला फेडता येत न्हाय. सोंगच घ्यायचं तर त्यांचं घ्या, जे बगून न बगितल्यावानी जातेत." त्यांच्याकडं बघून मान तेवढी हलवलीत, आणि मी पुढं सटकलो.

सहाव्या दिवशी शाळेला निघालो तर आडाच्या वाटेवर मीच चालत होतो.

काळी टोपी किंचित मागं सरकलेली. काखेत छत्री. डाव्या हाताच्या चिमटीत धोतराचा सोगा. नाकावर तारेचा चष्मा, बिनकाचांचा. तुम्ही लिंबाकडून यायचात, पाटीपाशी तुमची चाल मंद व्हायची, मान वर जायला निघायची आणि मध्येच थांबायची. मग चष्मा सारखा करायचा, आपल्याच पायांकडं बघायचं आणि भराभर निघून जायचं. वळून पुन्हा तेच. मी चष्मा सारखा करतो हे मला माहीतच नव्हतं, अण्णा. गाव तीन दिवसांनी मोकळं होऊन हसलं. काही वेळानं एकेकजण हसायचा थांबला, कारण तसा चालणारा मी एकटा नव्हतो. पण ते मला फार नंतर सुचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की सोनाबाईही हसत होत्या. मी शाळेत गेलो आणि दिवसभर पोरांना शुद्धलेखन घातलं, म्हणजे त्यांच्या माना खाली राहतील.

आता ते लिहितो, जे लिहायचं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही आलात. चार दिवसांच्या उन्हानं तुमचा आवाज बसला होता. दारातून म्हणालात, "गुरुजी, पानी." मी आत होतो, जागा होतो, तुमच्यापासून सहा हातांवर होतो. मी म्हणालो, "आज मला बरं नाही." तुम्ही थोडा वेळ तिथंच उभे होता, मला तुमच्या सावलीवरून कळत होतं. मग सावली गेली. कुसुम तांब्या घेऊन वेशीपर्यंत धावली, पण तुम्ही नळदुर्गाच्या सडकेला लागला होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला. ताप उतरलाच नाही म्हणे.

तुमचं चुकलं असं मला अजूनही वाटतं. निदान आधी सांगायचंत. मित्राचं सोंग त्याला न विचारता घ्यावं का, यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं, चांगलं आठ दिवस, ओसरीवर बसून. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. तरी ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

आज सकाळी गावचे माली पाटील दादाराव येऊन गेले. आम्ही राहतो ते घर त्यांचं, शाळेच्या कमिटीवर शब्द चालतो तो त्यांचा. ओसरीवर, तुमच्याच जागी, ऐसपैस बसले. "भोरप्याची पेटी तुमच्याकडं आलीय म्हनं," ते म्हणाले. "सातवा दिस तुमी करनार म्हनं. करा की. गावाची रीत हाय, आमी कशाला आडवं येताव? फकस्त येक ध्यानात असू द्या. सोंगाला आमी हात लावत न्हाय. तुमी सोंगात नसनार." मग आतल्या दाराकडं बघून मायेनं विचारल्यासारखं म्हणाले, "कितवा म्हैना, सूनबाई?"

कुसुमनं सांगितलं, सहावा. तिचा आवाज नीट होता. ते गेल्यावर मात्र तिनं घासलेला तांब्या पुन्हा घासायला घेतला. मी म्हणालो, बदली मागून घेतो, आपल्याच जिल्ह्यात वाशीला जागा रिकामी आहे असं ऐकलंय. मी म्हणालो, वहिनींना समजावून सांगतो. तरी ती तांब्या घासतच होती. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तांब्या भरून मी वेशीपर्यंत गेले आणि भरलेलाच परत आणला. ते पाणी मला ओतवेना. तुम्ही उद्या जा. मलाही भीती वाटते, पण जा."

मला मार खायची सवय नाही, अण्णा. वडिलांनीही कधी मारलं नाही. हे लिहिताना माझं अक्षर बिघडलेलं मला दिसतं आहे.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आता दहाव्या दिवसाची दुपार आहे. दाराला आतून कडी आहे, आणि मी जाऊन आलो.

निघताना टोपी घालावी की नाही यातच अर्धा तास गेला. टोपी माझी, पण आता ती तुमच्या सोंगाचीही झालेली. शेवटी खुंटीला ठेवली. चष्मा घातला, कारण त्याच्याशिवाय दिसत नाही. कुसुमनं रिकामा तांब्या हातात दिला. आडापर्यंत माझे पाय कसे गेले ते मला विचारू नका.

गाव जमलं होतं. दादाराव पारावर बसले होते. लिंबाखाली त्या सगळ्या होत्या, आणि बाजूला यमुनावहिनी, बांगड्यांचे हात पदरात न लपवता. मी पाटीखाली जाऊन उभा राहिलो. बिदागी मोठ्यानं मागायची असते. माझा आवाज फुटेना. किती वेळ गेला कोण जाणे. मागून कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. मग सोनाबाई वीस पावलं चालून माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "गुरुजी, ह्ये सोंग हाय का?"

सोंगात असेन तर ओ द्यायची नाही. आणि बोललो नाही तर मी सोंगात आहे, मग मला कुणी हात लावणार नाही. एवढी मोठी पळवाट दोन दिवस शोधून सापडली नव्हती, ती आता नेमकी समोर आली. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं मला चांगलं जमतं.

"नाही," मी म्हणालो. "मी आहे."

मग आवाज आला. मी म्हणालो, केरबाअण्णांची बिदागी मागायला आलो आहे. जोंधळे नकोत, कापड नको. सोनाबाईंच्या हातात आडाचा दोर द्या.

दादाराव पारावरूनच म्हणाले, "बिदागी मागनाऱ्याला असती, गुरुजी. दुसऱ्याला द्या म्हनून मागायची रीत न्हाय." रीतीचं ते बरोबरच होतं. लोकांनी माना हलवल्या. माझी मान, अण्णा, आपोआप खाली जायला लागली.

"मला कुनाची बिदागी नगं," सोनाबाई म्हणाल्या. "पाटी वाचाया येती मला. माज्या लेकीला तुमीच शिकीवलंय, तिनं मला शिकीवलं." त्या माझ्या शेजारून पुढं गेल्या, घागर आडाच्या काठावर ठेवली आणि दोर हातात घेतला. मग मागं न बघता म्हणाल्या, "तुमी निस्तं हितं हुबं ऱ्हावा, गुरुजी. आन खाली बगू नगा."

पोहरा खाली गेला. रहाट करकरला. पहिलं ढेकूळ माझ्या खांद्याला लागलं, दुसरं कानाच्या पाळीला. कोणी मारलं ते मला ठाऊक नाही. पण मी लोकांकडं बघत राहिलो, एकेकाच्या तोंडाकडं. बहुतेकांनी नजर खाली घातली. पाचव्या दिवशी तुम्ही तिथून काय बघत होता ते मला तेव्हा कळलं. पोहरा वर आला, घागर भरली. उरलेल्या पाण्यानं त्यांनी माझ्या हातातला तांब्या भरला. लिंबाखालून आणखी एकच जण आली, बाकीच्या आल्या नाहीत. दादाराव धोतर झटकून निघून गेले, एक शब्द न बोलता, आणि त्याचीच मला जास्त धास्ती आहे.

तांब्या ओसरीवर ठेवला आहे, तुम्ही बसायचात तिथं. कुसुमनं त्यावर फुलपात्र झाकलं आहे. माझ्या कानाला तिनं हळद लावली. मी आल्यापासून बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की आम्ही दोघं बोलायचं थांबतो.

फेरी पुरी झाली, असं मी येताना सोनाबाईंना म्हणालो. त्या घागर डोक्यावर घेत होत्या. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "उद्याबी पानी लागंल की, गुरुजी."

अण्णा, मला भीती वाटते आहे. मी उद्या जाणार आहे.